सहा बारपुरता टिन : बोहरी आळीतून आणलेला ८ बाय ४ चा ब्रेड टिन, आठ महिने वापरल्यावर

आमच्या घरी खाणारी माणसं दोनच, मी आणि आई. आणि आवडता पदार्थ म्हणजे ओट्स, पीनट बटर आणि वरून चॉकलेट असे बार, जे आधी मी ८ इंची चौकोनी टिनमधे करायचे. त्यात १६ तुकडे निघतात. पहिले दोन दिवस मस्त लागतात, पण पुण्यातला जुलै आणि १६ तुकडे म्हणजे चौथ्या दिवशी डब्यात सगळे सादळलेले, वरचं चॉकलेट घामेजलेलं, आणि टाकवत नाही म्हणून आपणच खात बसायचं. आई दर वेळी म्हणायची, "अगं दोघींपुरतंच कर ना." बरोबर होतं तिचं, पण अर्धं मिश्रण त्याच टिनमधे घातलं की ते पसरून पापडासारखं पातळ होतं आणि कडेने करपतं. म्हणजे छोटा टिन हवाच होता.

हिशोब अगदी सोपा आहे, पण मला उशिरा सुचला. ८ बाय ८ म्हणजे ६४ चौरस इंच, ८ बाय ४ म्हणजे ३२, बरोब्बर निम्मं. म्हणजे ८ इंची टिनची कुठलीही रेसिपी डोळे झाकून निम्मी करायची आणि ब्रेडच्या टिनमधे घालायची.

आधी ऑनलाईन एक काळा नॉनस्टिक लोफ टिन मागवला, कंपनीचं नाव सांगत नाही कारण चूक टिनपेक्षा माझ्या निवडीची होती. दिसायला सुंदर, जड, पण माझ्या १९ लिटरच्या ओटीजीत (ओट्यावर ठेवायचा छोटा विजेचा ओव्हन, वर-खाली तापणारे रॉड असलेला) त्याने दोन वेळा बारची खालची बाजू काळी केली. गडद रंगाचा पत्रा रॉडची उष्णता जास्त शोषून घेतो आणि छोट्या ओटीजीत खालचा रॉड टिनच्या अगदी जवळ असतो. त्यात पीनट बटर आणि गूळ दोन्ही पटकन लाल होणारे. काळाच टिन घरात असेल तर तापमान १५ डिग्री तरी कमी ठेवा आणि पाच मिनिटं आधी उघडून बघा, चालून जातं. पण मला दर वेळी जीव मुठीत धरून ओव्हनसमोर उभं राहायचं नव्हतं.

म्हणून रविवार पेठेत बोहरी आळीत गेले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तिथे बेकिंगचं सामान विकणारी बरीच दुकानं एका ओळीत आहेत, टिन, साचे, खोके, पायपिंगच्या पिशव्या, सगळं. दुकानदाराने विचारलं, "ताई, कितीचा केक?" कारण तिथे टिन पाव किलो, अर्धा किलो, एक किलो अशाच भाषेत मिळतात. मी सरळ मोजपट्टी काढली. साधा पांढरा अ‍ॅल्युमिनियमचा ब्रेड टिन, वरून ८ बाय ४, उंची अडीच इंच, १६० रुपये. दोन जाडीचे होते, पातळ वाला ११० ला होता पण अंगठ्याने बाजू दाबली की आत जात होती, तो नका घेऊ, दोन महिन्यांत वेडावाकडा होतो. जाड घेतला, त्याची वरची कड दुमडलेली आहे, हात कापत नाही आणि पकडीने धरायला बरी पडते.

आठ महिने झाले, दर दहा-बारा दिवसांनी एक घाणा निघतो. आता नेमकं कसं चालतं ते सांगते.

९० ग्रॅम रोल्ड ओट्स (दोन मिनिटांत शिजणारे बारीक ओट्स नको, त्यांचा लगदा होतो, चावायला काही उरत नाही), ४० ग्रॅम कणीक, ७० ग्रॅम गूळ पावडर, १२० ग्रॅम पीनट बटर, ४० ग्रॅम वितळलेलं लोणी, पाव चमचा खाण्याचा सोडा, चिमूटभर मीठ आणि एक चमचा दूध. निम्मी रेसिपी करताना सगळ्यांचं घोडं अडतं ते अंड्यापाशी. अर्धं अंडं घालायचं कसं? फेटून २५ ग्रॅम मोजून घेता येतं, पण मी नुसता एक पिवळा बलक घालते आणि खरं सांगायचं तर बार त्याने जास्त चिवट-मऊ होतात, म्हणजे हवे तसे. चतुर्थीच्या आसपास बिनअंड्याचे करायचे तर बलकाऐवजी आणखी दोन चमचे दूध, थोडे भुसभुशीत होतात पण आईला तेच आवडतात.

गुळाबद्दल एक. चिक्कीचा गूळ चुकूनही घालू नका. मी एकदा घातला, घरात तोच होता, आणि गार झाल्यावर ते बार फोडायला बत्ता लागला असता असे कडक झाले. साधा गूळ, चाळलेला, खडे नकोत.

पीनट बटरवर जरा जास्त बोलते कारण सगळी चव तिथे आहे. मी ज्याच्या लेबलवर फक्त भाजलेले शेंगदाणे लिहिलंय असंच घेते, नाहीतर घरी करते. अशा बटरवर तेल तरंगतं, ते खराब झालं म्हणून नाही, ते तसंच असतं. ज्यात तेल वेगळं होत नाही त्यात बहुतेक वेळा हायड्रोजनेटेड तेल किंवा पाम तेल घातलेलं असतं आणि साखरही, मग रेसिपीतला गूळ कमी करावा लागतो. पण हे नैसर्गिक वालं न ढवळता वरून काढलं तर मिश्रणात नुसतं तेल जातं, बार तेलकट होऊन चुरा होतात, आणि बरणीच्या तळाचं घातलं तर कोरडे ठाक. आदल्या रात्री बरणी झाकण घट्ट लावून उलटी ठेवायची, सकाळी ढवळायचं, काम सोपं.

घरी करायचं तर आपल्याला अर्धी वाट माहीतच आहे हो, दाण्याचं कूट करतो तीच. मंद आचेवर खरपूस भाजायचे, चोळून साली काढायच्या (आई सुपात घेऊन अंगणात पाखडते, मी ताटलीत फुंकते), आणि चटणीच्या भांड्यात फिरवायचं. कूट होतं तिथे थांबायचं नाही. पुढे त्याचा गोळा होतो, भांड्याला चिकटतो, वाटतं बिघडलं, तरी मधे मधे मिक्सरला विश्रांती देत फिरवत राहायचं, आणि मग एकदम तेल सुटून ते सैल, चकचकीत होतं. पाणी मात्र एक थेंबही नाही. त्या वेळी घरात जो वास सुटतो तो संक्रांतीच्या आधी दाण्याचे लाडू वळताना येतो तोच, आई दर वेळी स्वयंपाकघरात येऊन उभी राहते.

टिनमधे बटर पेपर घालताना एक आडवी लांब पट्टी घाला, दोन्ही बाजूंनी बाहेर येईल अशी, झोळीसारखी. गार झाले की झोळी धरून अख्खी लादी वर उचलायची, टिनमधे सुरी चालवायची नाही, साध्या अ‍ॅल्युमिनियमवर लगेच चरे पडतात. ओटीजी दोन्ही रॉड लावून १८० ला दहा मिनिटं तापवायचा, मग २२ ते २५ मिनिटं. कडा सोनेरी आणि मधे बोट लावलं तर अजून मऊ वाटतं, तेव्हाच बाहेर काढायचे. कच्चे वाटतात पण टिनमधेच घट्ट होतात, पूर्ण कडक होईपर्यंत ठेवलेत तर दुसऱ्या दिवशी वीट.

आता टिनच्या कमी बाजू, त्याही आहेत. एक म्हणजे तो तळाला निमुळता आहे, त्यामुळे ८ बाय ४ हे माप वरचं आहे आणि बार थोडे जाड होतात, चौकोनी टिनपेक्षा दोन-तीन मिनिटं जास्त लागतात. दुसरं, भिंती अडीच इंच उंच आणि मिश्रण जेमतेम पाऊण इंच, म्हणजे वरच्या रॉडची आच नीट पोचत नाही, वरून फिकट राहतात. जाळी एक खाच वर घेतली की हे जातं. तिसरं, कोटिंग नसल्यामुळे लिंबू, दही, टोमॅटो असलं आंबट काही त्यात ठेवायचं नाही, डाग पडतात आणि धातूची चव उतरते. डिशवॉशरमधे घातला तर काळवंडतो, हाताने धुवा. माझ्या बहिणीकडे मायक्रोवेव्ह कन्व्हेक्शन आहे, ती नेऊन वापरते, पण फक्त कन्व्हेक्शन मोडवर, साध्या मायक्रोवेव्हवर धातू चालत नाही.

वरचं चॉकलेट: १०० ग्रॅम डार्क आणि एक मोठा चमचा पीनट बटर, गरम पाण्याच्या भांड्यावर वितळवायचं. पाण्याचा थेंब आत गेला तर त्याचा खरबरीत गोळा होतो, वरचं भांडं आणि चमचा कोरडे ठेवा. पीनट बटर घातल्याने थर मऊ राहतो, कापताना तडे जात नाहीत. घरी मोर्डेचं डार्क कंपाउंड (कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती तेल घातलेलं चॉकलेट) असतं, ते वितळवायला सोपं. खऱ्या कोको बटरचं चॉकलेट असेल तर चव नक्कीच वरची, मी आईच्या वाढदिवसाला तेच वापरते.

फ्रिजमधे पाऊण तास ठेवून गरम पाण्यात बुडवून पुसलेल्या सुरीने आडवे सहा काप. दोन टोकांचे माझे, कारण त्यांना तीन बाजूंनी खरपूस कड येते. मधले चार मऊ, ते आईचे, तिला दातांमुळे कडक चावत नाही. चौकोनी टिनमधे कोणाला कुठला तुकडा यावर आमची कायम ओढाताण व्हायची, इथे आपोआप वाटणी होते. पावसाळ्यात फ्रिजमधे, एरवी बाहेर डब्यात चार दिवस. त्यापुढे राहिले असं अजून एकदाही झालेलं नाही.

घ्यायला जाणार असाल तर मंडई मेट्रो स्टेशनला उतरून चालत जा, तिथे गाडी लावायला जागा मिळणं महाकठीण. आणि निघताना ओटीजीच्या आतली रुंदी, खोली आणि जाळीपासून वरच्या रॉडपर्यंतची उंची कागदावर लिहून न्या, माझ्यासमोरच एक काकू मोठा टिन परत करायला आल्या होत्या, दार लागत नव्हतं म्हणून.