कुंडी की पायवाट?

मुलांना बदलते ऋतू दाखवायचे तर घरची बाग बरी की रानातली भटकंती?

बागेत काम रोजचं, पण मोबदलाही लवकर दिसतो. मुळ्याचं बी 4-5 दिवसांत वर येतं आणि महिनाभरात मुळा उपटता येतो. लहान मुलांचा धीर साधारण तेवढाच असतो. गाजर पेराल तर उगवायलाच 2-3 आठवडे जातात, तोवर पोरं कुंडी उकरून बघतात. (आमच्याकडे उकरलीच.) पाणी घालण्याआधी बोटाचं एक पेर मातीत खुपसायचं, ओल लागली तर झारी खाली ठेवायची. ही सवय पटकन लागते, कारण हात मळवायला मिळतात.

भटकंतीला ना खत लागतं ना राखण. पण नुसतं चालून काही दिसत नाही. एकच झाड धरा आणि दर महिन्याला त्याच्यापाशी जा. दिवस लहान होऊ लागले की पानगळीच्या झाडांतलं हरितद्रव्य मोडतं आणि आधीपासून दडलेला पिवळा रंग उघडा पडतो. पान गळलं की देठाच्या जागी एक खूण उरते. तिच्या लगेच वर पुढच्या पालवीची कळी तयार असते, खवल्यांत घट्ट गुंडाळलेली. भर थंडीत ती बोटाने चाचपली की ‘झाड मेलं’ म्हणणारं मूल गप्प होतं.

सतत बाहेरगावी जाणं होत असेल तर भटकंतीच बरी; पाण्याविना कुंड्या माना टाकतात. मूल चार-पाच वर्षांचं असेल तर मात्र मी आधी कुंडीच देईन.