शरणपूर परिसरातील प्रकटीकरणाचा अभ्यासवर्ग : एक अभिप्राय

नाशिकमध्ये शरणपूर परिसरातील एका मंडळीने (चर्चने) भरवलेला, बायबलमधील प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकाचा संध्याकाळचा अभ्यासवर्ग मी नुकताच पूर्ण केला. युद्धाची किंवा भूकंपाची बातमी आली की ‘शेवटचा काळ आला’ असे सांगणारे व्हिडिओ मोबाइलवर फिरू लागतात, आणि ते पाहून रात्र रात्र न झोपणारी मुले मी आमच्या मंडळीत पाहिली आहेत. म्हणून हा वर्ग भीती वाढवतो की समज, एवढेच मला पाहायचे होते. एक संध्याकाळ सोडली तर त्याने समजच वाढवली.

देवाविरुद्ध उठणारे श्वापद, सात शिक्के आणि हर्मगिदोनची शेवटची लढाई यांच्याकडे धाव न घेता शिक्षकांनी पहिले तीन अध्याय अगदी सावकाश घेतले, ही या वर्गाची सर्वांत जमेची बाजू. आजच्या तुर्कस्तानात येणाऱ्या सात नगरांतील मंडळ्यांना योहानाने पात्म बेटावरून हे लिहून पाठवले, तेव्हा रोमी सत्तेखाली जगणाऱ्या त्या माणसांना ज्याचा काडीचाही बोध झाला नसता असा अर्थ आपण त्यातून काढू नये, हे त्यांनी वारंवार बजावले. ‘तू शीत नाहीस, उष्ण नाहीस, कोमट आहेस’ असे ज्या मंडळीला सुनावले आहे त्या लावदिकीयाच्या पाठाच्या वेळी त्यांनी फळ्यावर नकाशा काढला : एका बाजूला हेरापलीचे गरम पाण्याचे झरे, दुसऱ्या बाजूला कलस्सैचे गार पाणी आणि मध्ये नळांवाटे दुरून पाणी आणावे लागणारे लावदिकीया. गरम पाण्याने अंग शेकते, गार पाण्याने तहान भागते, कोमट पाणी मात्र दोन्ही कामांना निरुपयोगी, हे कळल्यावर ते वचन केवळ भक्तीतील उत्साहाविषयी आहे ही समजूत गळून पडली.

आधार कार्ड काढणे म्हणजे श्वापदाची खूण घेणे असे काही जण सांगतात, ते खरे का, असे एका मावशींनी विचारले. त्यांच्या घरात यावरून वाद झाला असावा, असे त्यांच्या आवाजावरून वाटले. शिक्षक हसले नाहीत, त्यांनी प्रश्न झटकलाही नाही. तेराव्या अध्यायात उजव्या हातावर किंवा कपाळावर खूण आहे. पण सातव्या आणि चौदाव्या अध्यायांत देवाच्या सेवकांच्या कपाळावरही शिक्का व नाव आहे, आणि बायबलमधील ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देवाच्या आज्ञा हाताला व कपाळाला बांधण्यास सांगितले आहे. तिन्ही उतारे त्यांनी मावशींकडूनच वाचून घेतले आणि मग म्हणाले, ‘‘मावशी, तुम्ही कोणाची उपासना करता, हा इथला प्रश्न आहे. न कळता, कागदावर सही केल्याने लागणारी ही खूण नव्हे.’’ खूण नसलेल्यांची खरेदी-विक्री बंद होण्याचा मजकूर पुढे कसा घडेल याविषयी ख्रिस्ती अभ्यासकांत एकमत नाही, हेही त्यांनी लपवले नाही.

विसाव्या अध्यायातील हजार वर्षांच्या राज्याविषयी मात्र माझी तक्रार आहे. ख्रिस्ताचे दुसरे आगमन त्या राज्याआधी, त्यानंतर, की हजार वर्षे म्हणजे मंडळीचा सध्याचाच काळ, असे तीन प्रमुख मार्ग आहेत. पहिल्या मार्गाला तक्त्यांसह भरपूर वेळ मिळाला. प्राचीन मंडळीतील धर्मपंडित ऑगस्टीन यांच्यापासून चालत आलेला आणि कॅथलिक मंडळी आजही मानते तो तिसरा मार्ग काही मिनिटांत आटोपला. नाशिक रोडहून आलेले कॅथलिक बंधुभगिनी वर्गात बसलेले असताना हे मला खटकले. शेवटच्या काळातील महासंकटाआधी विश्वासणारे स्वर्गात उचलले जातील ही शिकवण आजच्या मांडणीत 1830 च्या दशकात जॉन नेल्सन डार्बी या धर्मोपदेशकापासून पसरली, एवढे तरी त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले.

खरा हिरमोड पाहुण्या वक्त्यांनी केला. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चोविसाव्या अध्यायातील अंजिराचे झाड म्हणजे 1948 साली स्थापन झालेले इस्राएल, आणि शेवट कधी येणार हे कळण्यासाठी तेथून एक पिढी मोजावयाची, असे त्यांनी ठासून सांगितले. पिढी चाळीस वर्षांची धरून हीच बेरीज पूर्वी करण्यात आली आणि 1988 साल उलटून गेले. लूकच्या शुभवर्तमानात याच जागी तर ‘अंजीर व सर्व झाडे’ असा उल्लेख आहे. शिवाय मत्तयाच्या त्याच अध्यायात तो दिवस व ती घटका पित्यावाचून कोणालाही ठाऊक नाही असे येशू सांगतो. विल्यम मिलर या अमेरिकी प्रचारकाच्या गणितावर विसंबून 22 ऑक्टोबर 1844 रोजी ख्रिस्त परत येईल म्हणून वाट पाहणाऱ्यांचे किती हाल झाले, हे त्याच व्यासपीठावरून आधी सांगितले गेले होते. आयोजकांनी पाहुण्यांना तेथेच थांबवायला हवे होते.

प्रकटीकरणाच्या अठराव्या अध्यायात बाबेल नगरीच्या नाशावर केलेल्या विलापात व्यापाऱ्यांच्या मालाची यादी सोन्यारुप्यापासून सुरू होऊन गुलामांपाशी, माणसांच्या जिवांपाशी संपते. गुलामांच्या जहाजांतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना एकोणिसाव्या शतकात याच शरणपुरात आसरा मिळाला होता. आफ्रिकेत वारलेल्या डेव्हिड लिव्हिंगस्टन या मिशनरी प्रवाशाचा मृतदेह किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांपैकी जेकब वेनराइट हा येथेच शिकला. वर्गात याचा उल्लेख झाला असता तर हा अध्याय कोणत्याही तक्त्याविना समजला असता.

वर्गाला शुल्क नाही, टिपणांच्या झेरॉक्सचा खर्च तेवढा द्यावा लागतो. सभागृहात मागे नीट ऐकू येत नाही, त्यामुळे पुढे बसावे. बायबलमधील दानीएलाच्या पुस्तकाचे दुसरे, सातवे व नववे अध्याय येथे घाईने उरकतात, तेव्हा ते घरी वाचूनच जावे. शाळकरी मुलांना पाठवायचे असेल तर पालकांनी सोबत बसावे आणि पाहुणे वक्ते कोण आहेत, हे आधी विचारून घ्यावे.