ठासणीची बंदूक रिपेअरला द्यायचीय? नव्या पेठेतलं दुकान, ४ स्टार

एक स्टार कापला तो वेळेसाठी. शनिवारी मिळेल म्हणाले, मिळाली पुढच्या गुरुवारी, मधे फोन पण उचलत नाहीत. काम मात्र एक नंबर.

आमची बंदूक आजोबांच्या वेळची, पीकसंरक्षणाच्या लायसन्सवरची, रानडुकरं हाकलायला बार काढतो तेवढंच. प्रॉब्लेम असा की टोपी (घोडा आपटला की जाळ काढते ती) फुटायची पण बार उडायचा नाही. दुकानातल्या काकांनी आधी लायसन्स बघितलं (नसेल तर दारातूनच परत पाठवतात, बरोबरच आहे), मग गज नळीत सोडून आत काही भरलेलं नाही ना ते बघितलं आणि पान्याने निपल (टोपी बसते ती भोकाची छोटी नळी) काढून बल्बसमोर धरला. भोकातून उजेडच येईना, काजळीने गच्च! टोपीचा जाळ निपलमधून खाली जातो आणि वळून दारूपर्यंत पोचतो, त्या वळणावर पण घाण साचलेली.

यूट्यूबवर त्या अमेरिकेतल्या इनलाइन रायफली बघतो म्हणून सहज विचारलं तर माणूस असा खुलला की बिलबुकाच्या मागे चित्रच काढून दाखवलं. त्यात बाजूचा घोडा नाही, प्रायमर (टोपीचंच काम करतो) थेट नळीच्या मागे, दारूच्या सरळ रेषेत, त्यामुळे जाळाला वळणच नाही. प्रायमर पण बहुतेक शॉटगनच्या काडतुसातला २०९ नंबरचा, आपल्या टोपीपेक्षा जाळ कितीतरी जास्त. दारू न गोळी मात्र तोंडाकडूनच, गजाने ठासायची, ते काय सुटत नाही. १९८५ला टोनी नाइट नावाच्या तिकडच्या बंदूक कारागिराने एमके-८५ ही इनलाइन रायफल काढली तेव्हापासून हा प्रकार तिकडे चालला. पण मला विचाराल तर खरी मजा मागच्या आट्यांच्या बुचात, ब्रीच प्लग म्हणतात त्याला. बार उडताना मागचा दाब तेच अडवतं, आणि साफ करताना तेच काढलं की नळी आरपार मोकळी. आपल्याकडे मागचं बूच कायमचं घट्ट, बसा तोंडाकडून चिंधी घालून घासत. फक्त त्या आट्यांना ग्रीस लावायचं विसरलात तर तेही जाम होतं.

मग आमच्या बंदुकीला तसंच बूच बसवून द्या की म्हटलं, तर सरळ "लायसन्सवरच्या हत्यारात असले उद्योग मी करत नसतो अण्णा."

पैसे आधी सांगितले तेवढेच घेतले. वर सांगितलं की बार काढला की त्याच दिवशी गरम साबणाच्या पाण्याने धुवायची, पूर्ण सुकवायची न तेल मारायचं, कारण काळ्या दारूची राख ओल ओढते न नळी गंजते.

पार्किंग विसरा. आणि आचारसंहिता संपून पोलीस ठाण्यात जमा केलेल्या बंदुका सुटल्या की लगेच जाऊ नका, सगळा जिल्हा तिथेच उभा असतो.