कालवडींची जनुकीय चाचणी: अहवाल दमदार, सेवा ढिसाळ

कालवड पुढे किती दूध देईल हे कळण्यासाठी पूर्वी तिच्या पहिल्या वेतापर्यंत थांबावे लागे आणि तोवर दोन-अडीच वर्षांचा चारा-खुराक तिच्यावर खर्च झालेला असे. ही प्रतीक्षा टाळावी म्हणून आम्ही गोठ्यातील १८ होल्स्टीन कालवडींचे नमुने एका खासगी प्रयोगशाळेकडे पाठवले.

नमुना घेणे वाटते तितके सोपे नाही. शेपटीच्या गोंड्यातील केस मुळासकट उपटावे लागतात, कारण कामाचा डीएनए मुळाशी असलेल्या इवल्याशा गाठीत असतो. केस मध्येच तुटला किंवा त्यावर शेण वाळलेले असले की नमुना बाद. आमचे तीन बाद झाले, यात चूक आमचीच. पण एवढे कळवायला प्रयोगशाळेने पाच आठवडे लावले.

अहवाल मात्र पाहण्यासारखा आहे. जनुकसंचातील सुमारे ५०,००० ठिकाणचे फरक तपासून, २००१ साली मेउविसेन, हेज आणि गोडार्ड यांनी मांडलेल्या पद्धतीच्या आधारे, प्रत्येक कालवडीचे पैदास मूल्य, म्हणजे ती आनुवंशिक गुणांत किती सरस आहे याचा अंदाज, काढले जाते. आमच्याकडे एकाच गायीच्या, एकाच वळूपासून झालेल्या दोन बहिणी आहेत. वंशावळीच्या नोंदींवरून दोघींचा अंदाज अगदी सारखाच निघत होता. चाचणीत मात्र एकीत डीजीएटी१ जनुकाचे फॅट वाढवणारे रूप आढळले, दुसरीत नाही. हेच रूप दुधाचे प्रमाण काहीसे घटवते, ही महत्त्वाची गोष्ट अहवालात कुठेही लिहिलेली नाही, आणि दूध लिटरवर विकणाऱ्याची त्यामुळे सरळ दिशाभूल होऊ शकते. आणखी एका कालवडीचा बाप रेतनाच्या वहीत लिहिलेला वळू नव्हताच, हेही उघड झाले; वही आमचीच, त्यामुळे बोलायला जागा उरली नाही.

माझा मुख्य आक्षेप आकड्यांच्या मांडणीवर आहे. दूध उत्पादनाची आनुवंशिकता, म्हणजे जनावरा-जनावरांतील फरकाचा जनुकांमुळे येणारा वाटा, साधारण ३० टक्के, तर गाभण राहण्याच्या क्षमतेची बहुधा ५ टक्क्यांहूनही कमी असते. गाय वेळेवर गाभण राहणे हे बव्हंशी खुराक, हवामान आणि माज ओळखणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून असते. तरीही दोन्ही मूल्ये सारख्याच ठळक अक्षरांत छापलेली आहेत आणि विश्वासार्हतेची टक्केवारी शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत. संकरित जनावरे असणाऱ्यांनी तर आधीच विचारून घ्यावे, कारण हे अंदाज ज्या जातीच्या नोंदींवर बेतलेले असतात, त्या जातीबाहेर ते लंगडे पडतात.

तळाच्या चार कालवडी आम्ही पैदाशीतून वगळल्या आणि वरच्या सहांसाठी लिंगनिर्धारित (बहुतांश कालवडीच जन्माव्यात अशा) रेतमात्रा मागवल्या. बाद झालेल्या तिघींचे नमुने पुन्हा पाठवले आहेत. त्यांपैकी दोघींचा अहवाल अजून आलेला नाही.