टाकीचा ऑटोमॅटिक कंट्रोलर : दुसऱ्या पावसाळ्यानंतरचा अनुभव

विहिरीवरचा पंप आपोआप चालू-बंद करणारा कंट्रोलर आमच्या गुहागरच्या घरी बसवल्याला आता दुसरा पावसाळा सरला. त्याचे दिवे, बटणे आणि जोडणी बहुतेकांना ठाऊक असल्याने मी फक्त टाकीतल्या सेन्सरविषयी लिहीत आहे.

पहिल्याच श्रावणात एका रात्री टाकी ओसंडून पाणी पडवीपर्यंत आले, तरी पंप चालूच होता. कंपनीच्या माणसाने कंट्रोलरचा खोका ठणठणीत असल्याचे सांगून सेन्सरचा संपूर्ण नवा संच घेण्याचा आग्रह धरला. वायर वॉरंटीत येत नाही, हेही ऐकवले. पैसे मोजण्याआधी मी टाकीजवळच्या जोडावरची टेप सोडवली, तर आतले तांबे हिरवे पडले होते आणि बोट लागताच तार तुटून हातात आली. खाऱ्या वाऱ्यात नुसत्या टेपने गुंडाळलेला जोड दुसरे काय करणार?

टाकीतला सेन्सर म्हणजे धातूच्या कांड्या; पाणी वरच्या कांडीला टेकले की पाण्यातून अल्पसा प्रवाह वाहतो आणि टाकी भरल्याचे कंट्रोलरला कळते. प्रवाह नसेल तर त्याच्या लेखी टाकी रिकामी. त्यामुळे तार तुटली तरी पंप चालूच राहतो. विहिरीतल्या सेन्सरची तार तुटली, तर मात्र तळाला पाणी नाही असे समजून तो पंप थांबवतो. म्हणजे बिघाड तोच, पण खाली तो पंप वाचवतो आणि वर घरात पाणी शिरवतो. यंत्र बनवणाऱ्याला एवढे सुचू नये, याचा राग अजून गेलेला नाही.

तरीही ते काढून टाकण्याचा बेत मी मे महिन्यात सोडला, कारण विहिरीने तळ गाठला तेव्हा त्याने पंप कोरडा चालू दिला नाही आणि सील जळण्याचा खर्च वाचला.

नव्या संचाऐवजी मी वायरमनकडून काहीशे रुपयांचा फ्लोट स्विच स्टार्टरच्या कॉइलच्या (प्रवाह मिळतो तोवरच पंप चालू ठेवणाऱ्या वेटोळ्याच्या) वाटेत बसवून घेतला. तरंगत्या गोळ्याने पाणी आवरण्याची ही युक्ती इ. स. पूर्व ३ऱ्या शतकातील अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबियस या ग्रीक संशोधकाच्या जलघड्याळापर्यंत मागे नेली जाते. गोळा वर आला की कॉइलचा प्रवाह तुटतो, आणि तार तुटली तरीही तोच तुटतो, त्यामुळे पंप थांबतो. गोळा पाइपात अडकला तर हाही फसेल, म्हणून तो पाइपापासून दूर सोडला आहे.

नवीन घेणाऱ्यांनी दुकानातच वरच्या सेन्सरची तार काढून पंपाचा दिवा विझतो की पेटतो, हे पाहून घ्यावे. कंपनीला मी हे सर्व सविस्तर लिहून कळवले; उत्तरादाखल सेन्सर संचाचे दरपत्रक आले.