हातकागद संस्था, पुणे – अंकाच्या कव्हरसाठी कागद आणायला गेलो होतो त्याचा रिव्ह्यू

आमचं अनियतकालिक म्हणजे चार जण, साठ कॉप्या आणि हाताने शिवलेला ए-फाइव्ह अंक. आत साधा मॅपलिथो (छपाईचा नेहमीचा गुळगुळीत कागद) चालतो, पण कव्हरवरून बोट फिरवावंसं वाटलं पाहिजे ही हौस. आधी अप्पा बळवंत चौकात हिंडलो, तिथे बघावं तिकडे लग्नपत्रिकांचे चमकीवाले कागद, मग शेवटी शिवाजीनगरला हातकागद संस्थेत गेलो. १९४० ची, गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या काळातली संस्था आणि आम्ही पुणेकर असून इतकी वर्षं नुसते बाहेरून जातोय, लाज वाटली खरं तर!

कागद एक नंबर. सुती कापडाच्या कात्रणांचा लगदा करून बनवतात, झाड तोडायचा प्रश्न नाही, आणि त्यामुळेच असेल पण चिवट इतका की सुई घातली तरी शिवणीवर फाटत नाही (मागच्या अंकाला मिलचं कार्डशीट वापरलेलं, बऱ्याच कॉप्यांची कव्हरं पिनेपाशीच सुटली). साधारण २०० जीएसएम (एका चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये, जास्त म्हणजे जाड) घ्या, त्याहून जाड घेतलं तर घडी फुगते आणि अंक मिटतच नाही.

हिशोब करून जा. ताव २२ बाय ३० इंचाचा, सरळ कापत गेलं की ए-फाइव्हची (उघडल्यावर ए-फोर) चारच कव्हरं निघतात, पण तीन आडवी नि दोन उभी अशी मांडली तर पाच बसतात, म्हणजे साठ कॉप्यांना बारा ताव. वर दोन एक्स्ट्रा घ्याच, कारण हाताचा कागद आहे, प्रत्येक ताव थोडा वेगळा असतो. आणि कडा कापू नका प्लीज, ती झालरच तर खरी मजा आहे.

आता आमचा शहाणपणा ऐका. हाच कागद एका झेरॉक्सवाल्याकडे लेझर प्रिंटरला घातला, पहिलाच ताव अडकला, दुसऱ्यावरची शाई नखाने खरवडून निघाली आणि झेरॉक्सवाल्याने आमच्याकडे जे बघितलं ते सांगण्यासारखं नाही. मग घरीच स्क्रीन प्रिंट केलं, एकच रंग, रात्रभर सुतळीवर चिमटे लावून वाळत घातलं, कसलं भारी उठलंय!

कव्हरच्या आत अस्तराला पतंगाचा कागद लावला, स्वस्त आणि उजेडात धरला की मागची अक्षरं दिसतात. जांभळा हवा होता, दुकानात फक्त पोपटी उरलेला. पोपटी लावलाय.