नैसर्गिक निवड शिकवण्यासाठी काय घ्यावे : कागदी ठिपके, कांद्याची चाळ की फवारणी?

राज्य मंडळाच्या दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २' या पुस्तकातला पहिलाच पाठ 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा असल्याने नाशिकमधल्या शिक्षकाला नैसर्गिक निवडीचा विषय शाळा उघडताच, जूनमध्येच हाताळावा लागतो. प्रतिलेखन, भाषांतरण, अवशेषांगे, जीवाश्म आणि मानवी उत्क्रांती हे सारे त्याच पाठात असल्यामुळे डार्विनच्या सिद्धांताच्या वाट्याला प्रत्यक्षात दोन, फार तर तीन तासिका येतात. केंद्रीय मंडळाच्या दहावीच्या पुस्तकातून तर २०२३ साली उत्क्रांतीचा भागच वगळण्यात आला. त्याविरुद्ध १,८०० हून अधिक वैज्ञानिकांनी आणि शिक्षकांनी पत्रावर सह्या केल्या होत्या. अशा शाळेत ज्याला हा विषय शिकवायचाच आहे, त्याला तो विज्ञान मंडळाच्या किंवा अवांतर वेळेत बसवावा लागतो. दोन्हीकडे वेळ तोकडाच असल्याने तो कोणत्या कृतीवर किंवा उदाहरणावर खर्च करावा, हे ठरवू पाहणाऱ्या शिक्षकासाठी ही तुलना आहे.

तुलनेला कसोटी हवी, आणि ती मुलांच्या एका पक्क्या गैरसमजातून मिळते. 'प्राणी परिस्थितीशी जुळवून घेतात' हे वाक्य मूल खालच्या वर्गांपासून पाठ करत आलेले असते. त्या वाक्याचा कर्ता प्राणी आहे आणि क्रियापद प्रयत्नाचे आहे, त्यामुळे 'थंडी वाढली म्हणून अस्वलाला दाट केस आले' असे उत्तर लिहिताना मुलाला काही चुकल्यासारखे वाटत नाही. वस्तुस्थिती अशी की एकाच जातीच्या सजीवांमध्ये फरक आधीपासून असतात, त्यांपैकी काही आनुवंशिक असतात, आणि त्या फरकांमुळे काहींची संतती इतरांपेक्षा अधिक उरते. एकेक प्राणी बदलत नाही, समूहातले प्रमाण बदलते. 'गरज पडली म्हणून बदल झाला' ही समजूत जी पद्धत मोडते ती उपयोगी मानावी, आणि जी तिला नकळत खतपाणी घालते ती कितीही रंजक असली तरी बाजूला ठेवावी, असे माझे मत आहे.

या कसोटीवर दोन लोकप्रिय पर्याय लगेच मागे पडतात. पहिला लॅमार्कच्या जिराफाचा, म्हणजे मान ताणून ताणून लांब झाली आणि तशीच ती पिल्लांनाही मिळाली या कल्पनेचा. तो खोडून काढण्यासाठी आधी रंगवावा लागतो, आणि उत्तरपत्रिकेत बहुतेकांना तो रंगवलेलाच तेवढा आठवतो. दुसरा नांदूर मधमेश्वरच्या सहलीचा. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळचे हे पाणथळ क्षेत्र आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आल्याचे २०२० साली जाहीर झाले, आणि असा मान मिळालेले ते महाराष्ट्रातले पहिले ठिकाण आहे. तेथे चमच्याची चपटी चोच आणि चित्रबलाकाची लांब चोच शेजारी शेजारी पाहायला मिळते, पण स्थलांतरित पक्ष्यांचा हंगाम हिवाळ्याचा असतो आणि पाठ जूनमध्ये असतो. त्याहून मोठी अडचण अशी की तेथे प्रक्रियेचा परिणाम दिसतो, प्रक्रिया दिसत नाही, आणि 'ज्याला जशी हवी तशी चोच मिळाली' असे म्हणत मूल परत येते. सहल न्यायचीच असेल तर तिच्याबरोबर गॅलापागोसमधल्या डॅफ्ने मेजर बेटाची हकीकत सांगावी. पीटर आणि रोझमेरी ग्रँट तेथे १९७३ पासून फिंच पक्ष्यांच्या चोची मोजत होते. १९७७ च्या दुष्काळात बारीक बिया संपल्या, आणि आपल्याकडच्या गोखरूच्या जवळच्या वनस्पतीची टणक, काटेरी फळे फोडू शकणारे दणकट चोचीचे पक्षीच मोठ्या प्रमाणात वाचले. पुढच्या पिढीच्या चोची सरासरीने अधिक जाड निघाल्या, पण कोणत्याही एका पक्ष्याची चोच वाढलेली नव्हती. मोजमापाची एवढी स्वच्छ गोष्ट दुसरी क्वचितच मिळेल.

आता खऱ्या तीन पर्यायांकडे वळू. पहिला म्हणजे नक्षीदार कापडावर रंगीत कागदाचे ठिपके टाकून ते वेचण्याचा खेळ. जुन्या साडीचा मीटरभर तुकडा, चार रंगांचा हस्तकलेचा कागद आणि कार्यालयातले पंचिंग मशीन एवढे साहित्य त्याला पुरते. पुष्कळजण ठिपक्यांऐवजी मूग, मसूर, हरभरा वापरतात. ते टाळावे, कारण दाण्यांचा आकार वेगवेगळा असतो, ते घरंगळतात, आणि मुले रंगाऐवजी जे बोटांना सापडेल ते उचलतात. प्रत्येक रंगाचे २० असे ८० ठिपके कापडावर विखरावेत, 'पक्षी' झालेल्या मुलांनी एकेक करून झटपट ६० वेचावेत, आणि उरलेल्या २० पैकी प्रत्येक ठिपक्यामागे त्याच रंगाचे ३ नवे ठिपके टाकावेत म्हणजे संख्या पुन्हा ८० होते. अशा तीन फेऱ्या करून प्रत्येक फेरीअखेर रंगांचे प्रमाण फळ्यावर स्तंभालेखाने दाखवावे. साठ मुलांच्या वर्गात दहा गट होतात. त्यांना दोन वेगळ्या नक्षीची कापडे वाटून दिली की एकाच डबीतून निघालेले ठिपके दोन दिशांना जाताना दिसतात.

या खेळाचे बळ ठिपक्याच्या जडपणात आहे. कागदाचा तुकडा मान ताणत नाही, प्रयत्न करत नाही, शिकत नाही. तो कापडावर पडून राहतो, आणि तरीही तिसऱ्या फेरीअखेर समूह बदललेला असतो. 'बळी तो कान पिळी' हा अर्थ डार्विनवर लादणाऱ्या मुलाला येथे बळी कोण ते शोधून सापडत नाही. शिवाय आपल्या भाषेची येथे चांगली मदत होते. घरात तांदूळ निवडणे म्हणजे उत्तम दाणा उचलून घेणे नव्हे, खडा काढून टाकणे होय, आणि मागे ताटात उरतात ते निवडलेले तांदूळ. नैसर्गिक निवडीतली 'निवड' याच जातीची आहे. एका गटाला मात्र मुद्दाम एकाच रंगाचे ८० ठिपके द्यावेत. तेवढेच ठिपके वेचले जाऊनही त्या गटाच्या आलेखात काहीच बदलत नाही, कारण निवडीला आधी फरक लागतो. पुष्कळ ठिकाणी वेळ वाचवण्यासाठी हा गट गाळला जातो. मला तर वाटते, खेळातले निम्मे शिकणे त्यातच आहे. कधी एखाद्या गटात कापडात उत्तम लपणारा रंगही पहिल्याच फेरीत निव्वळ योगायोगाने संपून जातो. ते 'चुकले' म्हणून पुसू नये, लहान समूहात असे घडते हेही मुलांना कळू द्यावे.

उणीव अशी की नवा फरक येतो कोठून, हे ठिपके सांगत नाहीत. त्यासाठी दुसऱ्या फेरीनंतर कापडाकडे न पाहता चिठ्ठी काढून एखादा पाचवा रंग आणावा. तो कधी लपतो, कधी उठून दिसतो. उत्परिवर्तन, म्हणजे जनुकात अचानक होणारा बदल, गरज ओळखून येत नाही, हे लुरिया आणि डेलब्रुक यांनी १९४३ साली जीवाणूंवरच्या प्रयोगातून दाखवले होते, त्याची ही साधी प्रतिकृती. खेळाच्या शेवटी इंग्लंडमधल्या पेपर्ड मॉथ या पतंगाचा दाखला पाच मिनिटांत देता येतो. त्याचा काळा प्रकार मँचेस्टरमध्ये १८४८ साली नोंदला गेला, १८९५ पर्यंत तेथील सुमारे ९८ टक्के पतंग काळे झाले होते, आणि १९५६ च्या स्वच्छ हवा कायद्यानंतरच्या दशकांत काळ्यांचे प्रमाण पुन्हा घसरत गेले. वर जाऊन खाली येणारा हा आलेख 'उत्क्रांती म्हणजे प्रगती' या समजुतीवरही चांगला उतारा आहे.

दुसरा पर्याय कांद्याच्या चाळीचा. निफाड, येवला, चांदवड, देवळा या भागातल्या मुलाला त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. एप्रिल-मे मध्ये काढलेला उन्हाळ कांदा साठवणीच्या चाळीत भरला जातो आणि पावसाळाभर सडलेला, कोंब आलेला कांदा काढून टाकला जातो. घरचे उळे, म्हणजे कांद्याचे बी, धरायचे असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लागवडीसाठी जे कांदे उरतात ते टिकलेल्यांपैकीच असतात, आणि त्यांतूनही शेतकरी जोडकांदे आणि डेंगळे (अवेळी येणारे फुलांचे दांडे) आलेल्या पिकातले कांदे वगळून बारीक मानेचे, एकसारख्या रंगाचे कांदे ठेवतो. 'एन-५३' ही जात नाशिक परिसरातल्या स्थानिक कांद्यातूनच अशा निवडीने तयार झाली, तर 'बसवंत ७८०' चे नावच पिंपळगाव बसवंतवरून आले. डार्विननेही १८५९ च्या आपल्या ग्रंथाचा आरंभ पाळीव कबुतरांपासून केला होता, म्हणजे मानवी निवडीकडून नैसर्गिक निवडीकडे जाण्याची वाट जुनीच आहे. चाळीचे वैशिष्ट्य असे की त्या वाटेवरच्या दोन्ही पायऱ्या तिच्यात एकत्र आहेत. जोडकांदा शेतकऱ्याने वगळला, पण सडलेला कांदा कोणीच वगळलेला नाही. तो बियाणे होण्यापर्यंत पोहोचलाच नाही.

या उदाहरणात एक सापळाही आहे, आणि तो नीट हाताळला तर धडा अधिक खोल जातो. चाळीत सडलेला प्रत्येक कांदा आनुवंशिक दोषामुळे सडलेला नसतो. कोणाला काढणीत विळा लागलेला असतो, कोणी अवकाळी पावसात भिजलेला असतो, कोणी तळाशी हवा न लागता दबलेला असतो. असा कांदा गेल्याने पुढच्या पिढीच्या टिकाऊपणात फरक पडत नाही, कारण जो फरक वारशाने जात नाही त्यावरची निवड पुढच्या पिढीत पोहोचत नाही. ठिपक्यांच्या खेळात ही बाब मुळीच दिसत नाही, कारण तेथे रंग वारशाने जातो हे आपण नियम म्हणून आधीच मान्य केलेले असते. चाळीच्या मर्यादा मात्र स्पष्ट आहेत. बियाण्यापासून बियाण्यापर्यंत दोन हंगाम जात असल्याने वर्गात पिढी बदललेली दाखवता येत नाही. मधमाश्या शेजारच्या वावरातला पराग आणत असल्याने वंश शुद्धही राहत नाही. शिवाय निवडणारा शेतकरी डोळ्यांसमोर उभा असल्याने 'निसर्गही असाच पाहून निवडतो' असे मुलाला वाटण्याचा धोका राहतो.

तिसरा पर्याय फवारणीचा, आणि नाशिक जिल्ह्यात तो घरोघरी बोलला जाणारा विषय आहे. 'किडीला औषधाची सवय झाली' हे वाक्य द्राक्षबागेत आणि कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर रोज ऐकू येते. लॅमार्क आपल्याकडे पुस्तकापेक्षा या वाक्यात अधिक ठाण मांडून बसलेला आहे. एखादा फुलकिडा औषध पिऊन सरावत नाही. तो मरतो किंवा वाचतो, आणि वाचणाऱ्यांतले काही त्यांच्यातल्या आधीच्या आनुवंशिक फरकामुळे वाचतात. फवारणीला कीटक प्रतिरोधक होऊ शकतात का, हा प्रश्न अमेरिकेतल्या मेलँडर या कीटकशास्त्रज्ञाने १९१४ सालीच मांडला होता. द्राक्षावरच्या केवडा रोगाच्या रोगकारकात स्ट्रोबिल्युरिन गटाच्या बुरशीनाशकाविरुद्ध येणारा प्रतिरोध तर एका प्रथिनातल्या १४३ व्या स्थानावरचे एकच अमिनो आम्ल बदलल्याने येतो. कागदी ठिपक्यामागे जनुक कोठे आहे असे विचारणाऱ्या मुलाला एवढे थेट उत्तर दुसरीकडे मिळणार नाही. मालेगाव, नांदगावकडच्या कापूस पट्ट्यात गुलाबी बोंडअळी आणि बीटी कापसाच्या (ज्याच्या झाडातच बोंडअळीला मारणारे प्रथिन असते) पाकिटातली नॉन-बीटीची पुडी यांचे उदाहरण घ्यावे. ४५० ग्रॅम बीटी बियाण्याबरोबर १२० ग्रॅम साधे बियाणे दिले जात असे ते याच हिशेबाने, की साध्या झाडांवर प्रतिरोध नसलेल्या अळ्या जगाव्यात आणि त्यांचे पतंग प्रतिरोधक पतंगांशी जोडी करून प्रतिरोधाचे प्रमाण कमी ठेवावे. ती पुडी बांधावर पडून राहिली की काय घडते, हे मुलांना स्वतः मांडता येते.

या पर्यायात हाताने करण्यासारखे काही नाही, ही त्याची मुख्य उणीव. औषधाच्या रिकाम्या बाटल्या नमुना म्हणून वर्गात मागवण्याचा मोह कोणाला झाला तर तो कटाक्षाने टाळावा. शब्दांचीही काळजी घ्यावी लागते. 'जंतूंना प्रतिकारशक्ती आली' असे म्हटले की मूल लसीकरण आठवते, आणि लसीने येणारी प्रतिकारशक्ती खरोखरच एकाच देहात, आयुष्यात मिळवलेली असते. म्हणून येथे 'प्रतिरोध' हाच शब्द ठेवावा. आणि ज्या मुलाच्या घरची बाग त्या वर्षी रोगाने गेली असेल, त्याच्यासमोर हे उदाहरण वडिलांच्या चुकीची गोष्ट होऊ नये, एवढे भान हवे.

खर्च तिन्हींचा नगण्यच आहे, वेळ मात्र सारखा लागत नाही. ठिपक्यांना एक पूर्ण तासिका आणि आधीची तयारी लागते, चाळीला एक तासिका आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा दहा मिनिटे, तर फवारणीला पाऊण तासिका पुरते. नाशिक शहरात, सिडको-सातपूरच्या शाळेत, मी ठिपके आणि त्यानंतर फवारणी हा क्रम घेईन. शेतीशी संबंध नसलेल्या मुलांसाठी फवारणीच्या जागी प्रतिजैविके घ्यावीत, ज्यांच्या अपुऱ्या मात्रेविषयी फ्लेमिंगने १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच सावध केले होते. निफाडकडच्या शाळेत चाळीपासून सुरुवात करावी असे सहज सुचेल, पण मी तेथेही ठिपकेच आधी घेईन. कांदा ओळखणारे मूल 'चांगला कांदा ठेवला' एवढ्यावर थांबते, आणि निवडणाऱ्याशिवाय निवड होऊ शकते हे त्याने चाळीत शिरण्यापूर्वी एकदा पाहिलेले असावे. बारावीला जीवशास्त्र शिकवणाऱ्याने खेळ सोडून थेट फवारणी आणि १४३ वे स्थान घ्यावे. एकच तासिका असेल तर ठिपके घ्यावेत, मात्र एकरंगी गटासह.

कोणताही पर्याय घेतला तरी आठवड्याने 'फुलकिड्यांना औषधाची सवय झाली' हे वाक्य फळ्यावर लिहून, 'सवय' हा शब्द न वापरता ते पुन्हा लिहायला सांगावे. उत्तरे लांबलचक आणि ओबडधोबड येतील, ती सुबक करण्याची घाई करू नये. 'औषधाने न मरणारे थोडे फुलकिडे आधीच होते, बाकीचे मेले, आणि आता दिसतात ते बहुतेक त्या थोड्यांचीच पिल्ले आहेत' असे कोणी लिहिले, तर त्याला पूर्ण गुण द्यावेत.